बाप्पासाठी इटलीची पिवळी गाडी

त्या गाडीत मी कधी बसलो नाही. तिला हात लावला नाही. ऐंशीच्या दशकात अंधेरीला राहणाऱ्या माणसाला ती रस्त्यावर दिसण्याचीही सोय नव्हती. तरीही ती माझी गाडी आहे असं मी इतकी वर्षं सांगत आलोय, आणि ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. मी थांबतो. हसून झालं? आता ऐका.

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. गाड्यांतलं कळणारे ओळखतील, आणि न कळणाऱ्यांना नाव सांगितलं तरी ते खोकल्याच्या औषधाचं वाटेल. इटलीची कंपनी, एवढं पुरे.

आमच्या दोन चाळी समोरासमोर, मध्ये अंगण. बहुतेक घरं कोकणातली. भाद्रपदात अंगणात मंडप पडायचा आणि थर्माकोलचं मखर करायचं काम माझ्याकडे असायचं. तापलेल्या तारेचा एक कटर होता, मीच जोडलेला. तो हातात असला की मी कलाकार. एरवी मी कोण? बी.कॉम.ला दोनदा बसून दोनदा उठलेला, पॅकिंगच्या कारखान्यात खोक्यांवर पत्ते चिकटवणारा बावीस वर्षांचा बाप्या. चाळीत मला मान होता तो त्या कटरमुळे.

पण काय कापायचं हे अध्यक्ष ठरवायचे. ते पोस्टातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या मते गणपती फक्त मंदिरातच बसू शकत होता. एका वर्षी दोन खांबांचं मंदिर, पुढच्या वर्षी दोन खांबांचंच मंदिर, पण निळे दिवे. कळस कापून कापून मला स्वप्नात कळस दिसायला लागले होते.

अशात स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात मला ती भेटली. जुहूच्या हॉटेलांत उतरणारे परदेशी पाहुणे मासिकं वाचून तिथेच टाकून जायचे आणि ती किलोवर आमच्याकडे यायची. एका मासिकाच्या मधल्या दोन पानांवर ती उभी होती. पिवळीधमक. सुताराच्या पाचरेसारखी पुढे निमुळती, मागे जाड. उंची जेमतेम माणसाच्या कमरेएवढी. आणि दारं! ती बाजूला उघडतच नव्हती, भुंग्याने उडण्याआधी पंख उचलावेत तशी सरळ आभाळाकडे गेली होती. आमच्या रस्त्यांवर तेव्हा दोन-तीन जातींच्या गाड्या धावायच्या, सगळ्या आजोबांच्या कपाटासारख्या, आणि त्यांचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही. मी ती पानं पाहिली आणि रद्दीवाल्याला म्हटलं, "ही माझी."

तो म्हणाला, "अख्खा गठ्ठा घे, सुटं देत नाही."

घेतला.

मग डिक्शनरी घेऊन मी तिची कुळकथा वाचली. कंपनी काढणारा शेतकऱ्याचा मुलगा. महायुद्धानंतर लष्कराच्या भंगारातली यंत्रं घेऊन त्याने ट्रॅक्टर बनवले, त्यात तो श्रीमंत झाला आणि त्याने हौसेने एक नामांकित स्पोर्ट्स कार घेतली. तिचा क्लच सारखा बिघडायचा. हा बुवा तक्रार घेऊन थेट ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाकडे गेला. तिथे त्याला ऐकवलं म्हणे, की तू ट्रॅक्टरवाला, तू आपले ट्रॅक्टर बघ. हा घरी आला आणि त्याने स्वतःचा गाड्यांचा कारखाना काढला. बोनेटवर चिन्ह लावलं बैलाचं.

यात खरं किती आणि मीठ-मसाला किती, देव जाणे. लोक ही गोष्ट दहा तऱ्हांनी सांगतात. मासिकात ती चार ओळींत होती, मी गॅलरीत कठड्याला टेकून चाळीस मिनिटं सांगायचो. त्या स्पोर्ट्स कारवाल्या मालकाचा आवाज मी आमच्या अध्यक्षांसारखा काढायचो. पुढचंही कळलं होतं. त्या शेतकऱ्याने काही वर्षांनी कंपनी विकली आणि तो द्राक्षं लावायला गेला. कंपनीचं दिवाळं निघालं, मालक बदलले, पण ती पाचरेसारखी गाडी बनतच राहिली. कंपनी गटांगळ्या खात होती आणि गाडीची दारं वरच्या वर उघडत होती! मला तिच्या वेगाशी काही देणंघेणं नव्हतं. मला आवडला तो तिचा माज. आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलं होतं, 'आपल्याला काय करायचंय?' त्या गाडीच्या अंगात हा प्रश्नच नव्हता.

श्रावणात अंगणात मंडळाची सभा भरली. अध्यक्ष खुर्चीवर, बाकी सगळे सतरंजीवर, बायका गॅलरीत.

"यंदा मंदिराला चार खांब करू," अध्यक्ष म्हणाले.

मी उभा राहिलो. "काका, यंदा मंदिर नाही. गाडी."

"कसली गाडी?"

मी मासिकाची दोन पानं उलगडून दाखवली. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला, मग खाली घेतला. रागावले की त्यांची मालवणी बाहेर यायची. "अरे मेल्या, गणपती काय मोटारीतून येतलो?"

"गेल्या वर्षी टेंपोतून आला की."

सतरंजी हसली. अध्यक्ष हसले नाहीत. "त्याचं वाहन उंदीर आहे. शाळेत शिकवलं नाही तुला?"

"उंदीर पुढे बसेल काका, ड्रायव्हरशेजारी."

"गप रे!" त्यांनी पान ओढून घेतलं, डोळ्यांशी नेलं आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. चूक सापडली की पोस्टातल्या माणसाचा उजळतो तसा. "हे काय आहे पुढे? बैल? बघा हो सगळ्यांनी! शंकराचा नंदी! गणपतीला शंकराच्या वाहनावर बसवणार हा शहाणा!"

मंडळी, आयुष्यात असा क्षण एकदा येतो. समोरचा माणूस स्वतः दार उघडून देतो, आपण फक्त आत शिरायचं असतं.

"म्हणजे बापाचीच गाडी झाली ना काका," मी म्हटलं. "पोरगा वडिलांची गाडी काढून आजोळी आलाय. मागून दोन दिवसांनी आई येणारच आहे, गौरी. यात बिघडलं काय?"

मग गॅलरीतून एक आजी म्हणाल्या, "खरंच की गं. नातू गाडी घेऊन आला तर आजोळाला कौतुकच वाटणार."

बायका आजींच्या बाजूने गेल्या आणि सभा माझ्या खिशात आली. पण अध्यक्ष पोस्टातले, शिक्का मारल्याशिवाय काही सोडायचे नाहीत. "कर," ते म्हणाले. "पण जुन्या मंदिराचे खांब मी मंडपामागे तयार ठेवणार. चतुर्थीच्या सकाळी बाप्पा तुझ्या गाडीत नीट बसला नाही, तर मंदिर उभं राहील. आणि त्यानंतर तू जन्मात कटरला हात लावायचा नाही. माळा सोडायच्या, बस्स. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आवाज ठणठणीत होता.

दारं वर कशी उघडायची हे मला ठाऊक नव्हतं. ते माझ्या मित्राला ठाऊक होतं. तो जवळच्या गावठाणातला, ख्रिस्ती, आमच्यासारखंच मराठी बोलणारा, गॅरेजमध्ये पत्रा ठोकायचा. त्याने फोटो उलटा-सुलटा करून पाहिला. "सोपं आहे यार. बिजागरी पुढच्या टोकाला, एकच. मागून दोरी बांधायची, मंडपाच्या वाशावरून घ्यायची आणि ओढायची."

"तुला चालेल ना पण? गणपतीचं काम आहे."

"नाताळला आम्ही येशूचा गोठा करतो, त्यातपण बैल असतो," तो म्हणाला. "माझा हात बसलाय बैलावर."

दोन रविवार आम्ही कापत होतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर थर्माकोल. तिसऱ्या रविवारी मित्राने मोठ्या प्रेमाने गॅरेजमधला पिवळा स्प्रे आणला. गाडीला गाडीचाच रंग हवा, असं त्याचं म्हणणं. त्याने बोनेटवर फवारा मारला आणि आमच्या डोळ्यांदेखत बोनेट विरघळायला लागलं, गरम भातावर तूप विरघळावं तसं. पत्र्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला तो रंग थर्माकोल खातो हे कुठून माहीत असणार! अध्यक्ष नेमके तिथून चालले होते. ते मंडपामागे जाऊन खांब मोजल्यासारखं करून आले. आम्ही नवं बोनेट कापलं आणि त्याला साधा डिस्टेंपर दिला.

छताची उंची मी मापाने ठेवली होती. गणपतीच्या कारखान्यात जाऊन मूर्तिकाराला स्वतः विचारलं होतं. "तीन फूट, मुकुट धरून," तो म्हणाला होता. मी वर चार बोटं सोडली. गाडी बुटकीच हवी होती, बुटकेपणातच तिचा तोरा होता.

चतुर्थीच्या सकाळी टेंपो आला. ढोल, गुलाल, मोरया. माझे वडील आणि चौघांनी मूर्ती उतरवली. आईने औक्षण केलं. आणि अध्यक्ष घरातून चौरंग घेऊन आले. आमच्या मंडळाचा सागवानी चौरंग, दर वर्षीचा, चांगला वीतभर उंच.

चौरंग मी मापात धरलाच नव्हता! कुणीच कधी धरत नसे. मंदिर आठ फूट उंच असायचं, त्यात चौरंग असला काय आणि नसला काय. कमरेएवढ्या गाडीत वीतभर म्हणजे मुकुट छपराच्या बाहेर.

तरी त्यांनी प्रयत्न केला. मूर्ती आत सरकवली तेव्हा मुकुट छपराच्या कडेला टेकला आणि पाचही जण वाकलेल्या अवस्थेत थांबले.

"चौरंग काढूया का?" कुणीतरी पुटपुटलं.

"बाप्पाला जमिनीवर बसवणार?" अध्यक्ष म्हणाले. त्यात ते बरोबर होते, आणि मलाही ते मान्य होतं. "मूर्ती बाहेर घ्या. टेबलावर ठेवा. चला रे, खांब आणा." मग माझ्याकडे वळून, फार मोठ्याने नाही, "कटर दे इकडे."

मी कटर उचलला. त्यांच्या हातात द्यायला नाही. प्लग लावला.

"काय करतोस?"

"छप्पर काढतोय."

"मग ती गाडी कसली? तुझ्या फोटोत तर छप्पर आहे!"

"काका, ज्याने ही कंपनी काढली त्यालाही म्हणाले होते, तू आपलं बघ. मी माझं बघतोय."

तार तापायला लागली. वडील जन्मभर माझ्या या उद्योगांवर एक शब्द बोलले नव्हते. ते गुलालाने माखलेल्या तोंडाने म्हणाले, "कापायचं तर सरळ काप. करवतीने पाव कापल्यासारखं नको."

सरळ कापलं. मागच्या टोकापासून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत. छप्पर मित्राच्या हातात आलं, ते त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि चाळीतली पोरं ओरडली. पाच जणांनी मूर्ती पुन्हा उचलली, वरून आत उतरवली, चौरंगावर टेकवली. बाप्पा बसले. मुकुट मोकळ्या हवेत, सोंड स्टिअरिंगच्या बरोब्बर वर.

"दारं?" मी मित्राला विचारलं. छपराबरोबर तीही गेली असतील असं मला वाटत होतं.

"बिजागरी पुढे आहे, गाढवा," तो म्हणाला आणि दोरी ओढली.

दोन्ही दारं वर गेली. कुरकुर न करता, एका दमात, पिवळी.

गॅलरीत बायकांनी काय आवाज काढला तो मला लिहिता येत नाही.

अध्यक्षांनी शेवटचा डाव टाकला. गुरुजी सोवळं नेसून तयार होते, त्यांना विचारलं, "गुरुजी, हे असं... यात चालेल?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मला अजून पाच घरं आहेत. चालेल. बसा पूजेला."

पूजेला दर वर्षी अध्यक्षच बसायचे. ते गाडीकडे बघत उभे राहिले, मग पाटावर बसले. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्ती हलवत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. गुरुजींनी मंत्र म्हटले, अध्यक्षांनी मूर्तीच्या हृदयाला उजवा हात लावला, आणि मंडपामागचे ते खांब त्या वर्षापुरते बेकार झाले.

मी जिंकलो. हे नम्रपणे सांगायची पद्धत असेल तर ती मला येत नाही.

संध्याकाळपासून गर्दी लोटली. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर मंडपात अध्यक्ष उभे. हातात छडी, समोर शेजारच्या चाळीतली माणसं, आणि गोष्ट रंगलेली. त्यांच्या गोष्टीत इटलीचा तो शेतकरी पार सांगलीकडचा झाला होता आणि क्लचऐवजी टायर फुटत होता. पण अपमानाच्या जागी त्यांनी घेतलेला थांबा, तो माझ्यापेक्षा सरस होता, हे कबूल करावं लागेल.

कांदिवलीच्या एका मंडळाचे पाहुणे आले होते. त्यांच्यातला एक जरा कुत्सितपणे म्हणाला, "गाडी झकास आहे हो, पण छप्पर करायला थर्माकोल कमी पडला वाटतं?"

मी पुढे होणार तोच अध्यक्षांनी छडी आडवी धरली.

"बाप्पाला छप्पर बुटकं पडलं, म्हणून कापलं," ते म्हणाले. "तुमच्याकडे काय करतात? छपरासाठी बाप्पा कापतात?"

आणि त्यांनी स्वतः दोरी ओढली.