कानाने लावलेलं टायमिंग

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. भाईंदरजवळ सिल्व्हर पार्क वसाहतीच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे. पस्तीस वर्षं इंजिनं उघडतोय. ऑइल बदलणं, ब्रेक घट्ट करणं कुणीही करतो; माझ्याकडे लोक येतात ते शर्यतीत पळवायच्या गाड्या घेऊन. त्यातही जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या, कारण त्यांचं टायमिंग अजून हाताने लावावं लागतं. नव्या गाड्यांत ते काम कॉम्प्युटर करतो. त्याला माझी गरज नाही आणि मला त्याची नाही.

टायमिंग म्हणजे काय, ते सोपं आहे. पिस्टन वर येत असतो. तो माथ्यावर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडली पाहिजे. किती आधी, एवढाच काय तो खेळ. उशिरा पडली तर गाडी मेंगळट चालते. फारच आधी पडली तर स्फोट वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यात बसतो, चढावर टकटक वाजतं, आणि तशीच दामटली तर पिस्टनला भोक पडतं. बाकीचे मेकॅनिक दिव्याची गन लावून हे मोजतात. मी कानाने लावायचो. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर ढिला करून फिरवायचा, ठिणगी थोडी पुढे न्यायची, चढावर गाडी दाबायची. टकटक आली की केसभर मागे घ्यायचं, झालं काम. विरारपासून लोक यायचे ते या कानासाठी, आणि मला त्याची घमेंड होती. खोटं कशाला बोलू?

मग दोन महिन्यांत दोन गाड्या पिस्टन जाळून परत आल्या. मी पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणून पंपवाल्याच्या नावाने शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

तिसरी गाडी पूनम सागर सोसायटीतल्या एका बाईची होती. बँकेत नोकरी, वय तिशीचं, आणि गाडीचं वेड असं की सुट्टीच्या दिवशी स्वतः स्पॅनर घेऊन माझ्या शेजारी बसायची. दोन वर्षं खपून तिने ते इंजिन बांधून घेतलं होतं. रविवारी तिची पहिली शर्यत होती. गाडी माझ्या ताब्यात देताना म्हणाली, "काका, बाकी सगळं मी बघितलंय. टायमिंग तेवढं तुमच्या कानाने."

गुरुवारी सकाळी गाडी चढावर न्यायला निघालो. बायको जुन्या भाईंदरच्या कोळ्यांची, तिची बहीण त्या चढापलीकडच्या डोंगरी गावात दिलेली. ती म्हणाली, "तिकडंच चाललाय तर मला सोडा." बसली पिशवी मांडीवर घेऊन.

चढ लागला. मी वरचा गिअर टाकून पाय दाबला. गाडी छान ओढत होती, टकटक नाही. खाली आलो, बाजूला थांबून बॉनेट उघडलं, ठिणगी अजून थोडी पुढे नेली. पुन्हा चढवली. नाहीच. मी खूश! म्हटलं, काय इंजिन बांधलंय पोरीने, किती पुढे न्या, मागतंच आहे. तिसऱ्यांदा चढवताना बायको म्हणाली, "अहो, हे काय वाजतंय?"

"काही वाजत नाही."

"वाजतंय. डब्यात सुके वाटाणे हलवल्यागत. पहिल्या चढापासून वाजतंय."

माझं डोकं सटकलं. "पस्तीस वर्षं मी काय झोपा काढतोय का? तुला इंजिनातलं काय कळतं?"

"कळत न्हाय," ती म्हणाली. "ऐकायला येतं."

मी गाडी कचकन थांबवली. ती काही माझ्या आवाजाला भिणारी नाही. म्हणाली, "परत चढवा. वाजलं की मी हात वर करते, थांबलं की खाली. मग बोला."

निव्वळ तिची जिरवायला मी गाडी वळवली. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी पाय दाबला, तिचा हात वर. पाय सैल केला, हात खाली. पुन्हा दाबला, वर. मुद्दाम फसवायला अर्धाच दाबला, तर हात मांडीवरून जेमतेम उचलला. ओढ पडली की वाजतं आणि सोडली की थांबतं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिला ब्रेक कुठला नि ॲक्सिलरेटर कुठला तेही माहीत नाही. ते वाजतच होतं. फक्त मला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी ठिणगी पुढे पुढे ढकलत होतो.

मला रडू आलं असतं, पण रविवार डोक्यावर होता. गाडी दुसऱ्या कुणाकडे द्यावी, असंही क्षणभर मनात आलं. म्हटलं, नाही. घाण मी केलीय, निस्तरणार मीच.

चढावर ओढ न देता गाडी हळूहळू परत आणली. बायकोचं बहिणीकडे जाणं राहिलं. प्लग काढून टॉर्चने आत बघितलं. पिस्टन वाचला होता. मग भाईंदर पूर्वेला एक मेकॅनिक आहे, त्याच्याकडे गेलो. वीस वर्षं मी त्याला 'दिवेवाला' म्हणून चिडवलेलं. त्याच्या दारात उभा राहून म्हटलं, "भाई, टायमिंग गन चाहिए दो दिन." तो हसेल असं वाटलं होतं. त्याने गनची काच पुसली आणि ती माझ्या हातात ठेवली.

गन लावली तर ठिणगी इतकी पुढे होती की मला माझीच लाज वाटली. मागे घेतली. शुक्रवारी पुन्हा चढ, बायको शेजारी. हात वर. मागे घेतली. हात थोडा वर. अजून मागे. ऊन चढलं, बॉनेटखाली बोटं भाजली, ती एकदाही "पुरे" म्हणाली नाही. सहाव्या चढाला मी पाय पूर्ण दाबला आणि तिचा हात मांडीवर तसाच राहिला. दोनदा खात्री केली. वर, शर्यतीत इंजिन जास्त तापतं म्हणून अजून केसभर मागे घेऊन बोल्ट आवळला.

त्याच दुपारी त्या जळक्या पिस्टनवाल्या दोघांना फोन केले. चूक पेट्रोलची नाही, माझी आहे, इंजिनं परत आणा, काम मी करून देतो, असं सांगितलं. एकाने फार ऐकवलं. ऐकून घेतलं.

शनिवारी ती बँकवाली आली. बायको डबा द्यायला आली होती, तीही तिथंच उभी. "काका, कानाने लावलंत ना?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"नाही," मी म्हटलं. "गनने लावलंय, आणि हिच्या कानाने. ती टकटक मला आता ऐकू येत नाही."

बँकवालीने बॉनेट उघडून टायमिंगची खूण बघितली, किती डिग्री ते विचारलं, गाडी स्वतः एकदा चढावर नेऊन आणली. मग म्हणाली, "काका, कधीपासून येत नाही ऐकू?"

मी 'दोनेक महिने' म्हणणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "कमी यायला लागून तीन वर्षं झाली."

गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मी थांबलो. मग बायकोकडे वळून म्हटलं, "तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

"रोज बोलत होते," ती म्हणाली.