ताईंच्या नावाची फाइल

हे मी आजवर कुणालाच बोलले नाहीये. नवऱ्यालाही नाही. तुला सांगतेय, कारण हल्ली घरात पोराला हाक मारली तरी मी दचकते — माझ्याच आवाजाला. वेडेपणा वाटेल तुला. वाटू दे.

अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत मी रेकॉर्डिंग सांभाळते. कुमुदताई तिथे मुलांच्या गोष्टी वाचायच्या. वर्षानुवर्षं हेडफोनमधून ऐकलंय मी त्यांना — श्वास कुठे घेतात, हसू कुठे दाबतात, सगळं पाठ.

मग सर्व्हर भरला. मालक म्हणाले, ऑनलाइन बॅकअप घ्यायचा की जुनी कामं आर्काइव्हला टाकायची, तूच ठरव. आर्काइव्ह म्हणजे एकेक फाइल ऐकायची, नाव घालायचं, यादी करायची आणि टेपवर उतरवून कायमची बाजूला ठेवायची. कोण करणार ती कटकट? मी म्हटलं, बॅकअप पुरे. आणि जागा करायला जुने फोल्डर उडवले, ताईंच्या गोष्टींचेही. आता बॅकअप म्हणजे काय, तर सर्व्हरवर आज जे आहे त्याची नक्कल. इथून उडवलेलं तिथे नव्वद दिवस राहतं, मग तिथूनही जातं. तसं कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. वाचून विसरले मी — नाही, खोटं कशाला बोलू, विसरले नव्हते. जुन्या गोष्टी कोण मागायला येतंय, असं वाटलं.

दोन वर्षांनी ताई आल्या. घशाच्या ऑपरेशनात स्वरयंत्रच काढलेलं, गळ्याला रुमाल. वहीत लिहून दाखवलं, "नातीने माझा आवाज ऐकलाच नाही गं. एखादी गोष्ट देशील?"

तेव्हाच सांगता आलं असतं ना? मी म्हटलं, "आर्काइव्हमध्ये आहे ताई. काढायला आठवडा लागेल."

त्या आठवड्यात मी बूथमध्ये बसून सशाची गोष्ट वाचली. ताईंसारखी. दोनदा जमली नाही. तिसऱ्यांदा ऐकली आणि माझ्याच अंगावर काटा आला. फाइलला ताईंचं नाव दिलं.

त्यांनी माझ्यासमोर बसून ती पूर्ण ऐकली. मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. स्वतःचा आवाज माणूस विसरतं का? वहीत एवढंच लिहिलं, "चालेल. हीच देते तिला."

यंदा ताई गेल्या. मी मुलुंडला त्यांच्या घरी भेटायला गेले. दार उघडलं आणि आतल्या खोलीत मी बोलत होते. हार घातलेल्या फोटोखाली मोबाइल, समोर नात मांडी घालून. ताईंचा मुलगा म्हणाला, "रेकॉर्डिंगमध्ये आवाज जरा वेगळा येतो, पण आई घरातच आहे असं वाटतं." मी मान हलवली.

सुनेने पाणी आणलं. "अर्धाच ग्लास," मी म्हटलं. एवढंच बोलले. आतला मोबाइल बंद झाला.

नात दारात येऊन उभी राहिली. माझ्या तोंडाकडे बघत होती. मग जवळ आली आणि माझ्या गळ्याला हात लावला, ताईंचा रुमाल असायचा तिथेच.

"पुढची सांग ना, आजी."

खरं काय ते सांगायला तोंड उघडलं मी, देवाशपथ. आणि पुढची गोष्ट सांगितली. ताईंच्या आवाजात, शेवटपर्यंत.