मी नागपुरात असताना इतवाऱ्यात झालेलं ड्रेसिंग

नमस्कार मंडळी. तुमचे इथले अनुभव माझी नात मला मोबाईलवर वाचून दाखवते. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतले पैंजण... मी ऐकते आणि हसते. परवा ती चिडून म्हणाली, "मग तूच सांग ना एखादा, आजी!" म्हणून सांगते आहे. टाइप ती करते आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या.

आधी माझ्याविषयी. मी जन्मभर नर्स होते. पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर बाकावर बसून पोळीभाजी खाल्लेली बाई आहे मी. अंगात आलेल्या बायकांना अमोनिया हुंगवून भानावर आणलेलं आहे. भूत, चकवा, करणी यांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता आणि आता नव्वदीला टेकले तरी नाही. तरीही ही एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही.

नवं मध्य प्रदेश राज्य झालं त्या, छप्पन सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. तोवर आमच्या बुऱ्हाणपूरची राजधानी नागपूर होती. मग नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळचे झालो. बाजारात रोज त्याचीच चर्चा. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची, नागपूरला ट्रेनिंग घेतलेली आणि बुऱ्हाणपुरात एका डॉक्टरांकडे नोकरीला. त्यांचं नाव लिहीत नाही, नातवंडं गावातच आहेत. आम्ही डॉक्टरसाहेब म्हणायचो. तापट माणूस, पण बाकीचे ज्या केसेसना हात जोडायचे त्या हे घ्यायचे. "बरं करता येत नाही म्हणून काय झालं? दुखणं तर कमी करता येतं," असं म्हणायचे आणि मला कामाला लावायचे.

तसलीच एक केस बुऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेत होती. केळीचा व्यापार करणारं घर, घरमालकीण सुभद्राकाकी. उजव्या खांद्यामागे, पाठीवर, लिंबाएवढी गाठ आली आणि वाढत गेली. मुंबईला नेलं, विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन दिलं. असला कॅन्सर फार क्वचित दिसतो असं तिथल्या डॉक्टरांनी पत्रात लिहिलं आणि शेवटी 'घरी न्या' म्हणून सांगितलं. मी जायला लागले तेव्हा गाठ फुटून तळहाताएवढी जखम झालेली होती. ती पाठीवर असल्यामुळे काकींना स्वतःला कधी दिसली नाही... आणि घरच्यांच्या ते पथ्यावर पडलं. शेठनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, बायकोला सांगून ठेवलं होतं की ही काळपुळी आहे, चिघळली आहे. मला पहिल्याच दिवशी ओसरीवर थांबवून म्हणाले, "बाई, त्या रोगाचं नाव या घरात घ्यायचं नाही." तेव्हा सगळीकडे अशीच रीत होती. मी मान हलवली.

रोज दुपारी तीन वाजता मी जायची. पट्टीखालचं लिंटचं कापड जखमेला चिकटायचं, काढताना काकी कळवळायच्या. मग डॉक्टरसाहेबांनी युक्ती काढली. केळीचं मधलं न उलगडलेलं पान, आमच्याकडे त्याला पोंगा म्हणतात, ते उकळत्या पाण्यातून काढायचं आणि जखमेवर ठेवायचं. वर कापूस, वर पट्टी. पान चिकटत नाही. गाव केळीचं, पानांना काय तोटा! टोचू नयेत म्हणून मी पानाचे कोपरे कात्रीनं गोल करायची आणि पिन रुतते म्हणून पट्टीचं टोक सुईदोऱ्यानं टाचायची. काम चोख होतं माझं. पण एक कबूल करते. मी सगळं चिमट्यानं करायची. हा रोग लागत नाही हे शिकले होते, तरी काकींना हात लावायची माझी छाती होत नसे.

घरात तिसरं माणूस म्हणजे मंजुळाबाई, शेठची विधवा बहीण. जीव लावणारी, पण ड्रेसिंग सुटलं की नाकाला पदर लावून थेट स्वयंपाकघर गाठायची.

काकी बोलायच्या त्या सगळं आपल्या थोरल्या बहिणीबद्दल. अक्का जवळच्याच तुकईथड गावी दिलेली, घरची शेती. एका लग्नात मानपानावरून दोघींचं बिनसलं आणि नऊ वर्षं बोलणं बंद. "बरी झाली का मी जाईन," हे काकींचं पालुपद. आणि शेठ अक्काला निरोप धाडायला तयार नव्हते. का, तर नऊ वर्षं न बोललेली बहीण अचानक दारात आली की हिला संशय येईल! म्हणजे गुपित सांभाळायच्या नादात दोघी बहिणी भेटल्याशिवायच एक जाणार, हे मला दिसत होतं. आणि मी रोज पट्टी बांधून घरी येत होते.

एके दिवशी काकींनी पाठमोऱ्याच विचारलं, "बाई, खरं सांगान?"

"विचारा की."

"मी बरी व्हईन ना? बरी होनार असंन तं मीच जाते तुकईथडले, अक्काच्या पाया पडते. लहान मी हाय. पन होनार नसंन तं तिलेच बोलवून घेते. मंग मान-अपमान पाहत नाही बसत."

इतका सरळ प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. मग मी म्हणाले, "व्हाल की काकी. काळपुळीला वेळ लागतो. संक्रांतीला तुम्हीच तिळगूळ घेऊन जा."

"ठीक," म्हणाल्या त्या. बाकी काही नाही.

संक्रांत काकींना दिसणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. परत त्या घरी जायचं, परत तोच प्रश्न... मला जमणार नव्हतं. माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन नागपूरचं होतं, नव्या राज्यात ते भोपाळला बदलून घ्यायचं होतं. त्यासाठी लागणारा नागपूरचा दाखला पोस्टानं आला असता. मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, स्वतः जावं लागेल.

"आणि इतवाऱ्यातलं ड्रेसिंग?"

"मंजुळाबाईंना शिकवलं आहे."

आणि मंजुळाबाईंना सांगितलं की डॉक्टरसाहेब दुसऱ्या कुणाला पाठवतील. दोन्हीकडे खोटं बोलले आणि गाडीत बसले.

नागपूरला कागदाचं काम एका सकाळीत झालं. तरी भावाकडे आठ दिवस राहिले. वहिनीबरोबर भाज्या निवडल्या, शेजारच्या बारशाला गेले. मला कसला भास झाला नाही, स्वप्न पडलं नाही, ताप आला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण लोक विचारतात. फक्त तीन वाजले की घड्याळाकडे बघवत नसे. उघडी जखम तीन दिवस तशीच राहिली तर तिचं काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? लाज वाटायची. पण परत जायची हिंमत नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी बुऱ्हाणपूरला उतरले. दवाखान्यात डॉक्टरसाहेब नव्हते. ड्रेसिंगचा डबा भरला आणि तीन वाजता इतवाऱ्यात गेले. वाटभर एकच विचार, काय बघावं लागणार.

मंजुळाबाईंनी दार उघडलं. "या. वाटच पाहून राहिली ती तुमची."

मी चाचरत विचारलं, "इतके दिवस ड्रेसिंग कोणी केलं?"

"कोनी म्हंजे? तुमीच तं!"

"मी?"

"जानं रद्द झालं म्हने, रोज येऊन तं राहिल्या. काल मीच दार उघडलं तुमाले. काहून बाई, बरं नाही का आज?"

मला वाटलं टोमणा मारते आहे. आत गेले. काकी उशीला टेकून बसल्या होत्या आणि एक पांढऱ्या केसांची बाई त्यांना वाटीतून पेज भरवत होती. चेहरा हुबेहूब काकींचा. मला बघून ती उठली आणि माझे दोन्ही हात धरले. "तुमचे लई उपकार झाले, बाई. तुमी हिले सांगितलं नसतं तं मी आलीच नसती."

अक्का होती ती. चार दिवसांपूर्वी आली होती.

मी हात सोडवून घेतले. डबा उघडला, काकींच्या पाठीमागे बसले आणि पट्टी सोडली. पट्टीचं टोक टाचलेलं होतं. आत पान होतं, हिरवंगार, फार तर कालचं. कोपरे गोल कापलेले. जखम इतकी स्वच्छ की मी स्वतः कधी तशी ठेवली नव्हती.

"काकी," मी म्हटलं, "मी तुम्हाला नेमकं काय सांगितलं?"

"भुलल्या का? चिमटा खाली ठेवला, समोर येऊन बसल्या अन् माझा हात धरला. म्हने, काकी, मी त्या दिवशी खोटं बोलले. हे बरं होनार नाही. अक्काले आजच बोलवा." त्या शांतपणे सांगत होत्या. "लई रडली मी. तुमी बसून होत्या. मंग मी गाडीवाल्याजवळ निरोप धाडला."

तेवढ्यात ओसरीवरून शेठची हाक आली. केळीच्या वॅगनी घेऊन ते दिल्लीला गेले होते, दुपारीच परतले होते. मी बाहेर गेले. चेहरा ओढलेला, डोळे लाल.

"बाई, घरात आलो तं अक्का बसलेली. हिले सगळं मालूम. मंजुळा म्हणते तुम्ही सांगितलं. पन डॉक्टरसाहेब आत्ता रस्त्यात भेटले, ते म्हणाले तुम्ही नागपूरले होत्या." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मतलब, हे सगळं भासच ना? तुम्ही फक्त हो म्हणा. मी आत जाऊन तिले समजावतो, तापात काहीबाही ऐकलं तू, काळपुळीच हाय म्हणून. अक्काले संध्याकाळच्या मोटारीनं परत पाठवतो."

नुसतं खरं बोलले असते तरी पुरत होतं. 'मी नागपूरला होते.' एवढं म्हटलं असतं तर माझी नोकरी वाचली असती, शेठचा राग टळला असता... आणि आत बसलेल्या अक्काला पिशवी भरायला सांगितलं गेलं असतं. शेठ माझ्या तोंडाकडे बघत होते. कसली आशा होती त्या नजरेत! बिचाऱ्यांना आपली बायको बरी होणार आहे असंच ऐकायचं होतं.

"नाही शेठ," मी म्हणाले. "डॉक्टरसाहेबांचा काहीतरी घोटाळा झाला. मी इथंच होते. काकींना मीच सांगितलं."

ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते मटकन पायरीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. बऱ्याच वेळानं पंच्यानं डोळे पुसून म्हणाले, "तिले काय काय पायजे ते तुम्हीच विचारा, बाई. माझ्यानं विचारवत नाही."

काकी त्यानंतर पंधरा-वीस दिवस होत्या. अक्का जागची हलली नाही. दोघी दिवसभर बोलायच्या, मध्येच लहानपणच्या कुठल्याशा गोष्टीवरून भांडायच्यासुद्धा. शेठ कोपऱ्यात बसून ऐकायचे. मी रोज जायची. चिमटा लागेल तिथंच वापरायची, बाकी हातानं. एकदा आम्ही दोघीच होतो तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "काकी, खरंच सांगते, तेव्हा मी इथं नव्हते हो."

त्या म्हणाल्या, "नसान. पन आल्या ना."

एका सकाळी अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून त्या गेल्या.

डॉक्टरसाहेबांना मी सगळं कबूल केलं, दोन्हीकडे खोटं बोलले तेही. त्यांनी मला नोकरीवरून काढलं नाही, पण महिनाभर नीट बोललेही नाहीत. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, पेशंटला आपल्या दुखण्याचं कळलंच होतं, तिनं तुझं नाव पुढे केलं. असेल. मीही असाच विचार करून पाहिला. पण पाठीवरचं ड्रेसिंग? काकींचा हात तिथं पोचत नव्हता. मंजुळाबाईंनी करणं शक्य नव्हतं, आणि त्या तर शेवटपर्यंत शपथेवर सांगायच्या की मीच येत होते. गावात दुसरी नर्स होती, पण ती माझ्याहून वीतभर उंच आणि तिला हा पत्ताही माहीत नव्हता. मी तिलाही विचारून आले.

कीर्तनात आपण ऐकतो की भक्त अडला की देव त्याचं रूप घेऊन त्याचं काम करून जातो. नातीनंही हेच काढलं. पण देव धावतो तो भक्तासाठी. मी तर भर दुपारी काम टाकून पळून गेलेली होते. माझ्यासाठी कोण कशाला येईल? काकींसाठी आलं असेल तर मग माझंच रूप कशाला? काही उलगडा होत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, नात वाचून दाखवेल.

त्यानंतर मला पुष्कळ पेशंटांनी तोच प्रश्न विचारला. मी चिमटा खाली ठेवून, समोर बसून खरं सांगत आले. पण ते सगळं नंतर. त्या आठवड्यात माझ्यात ती हिंमत नव्हती, हे मी शपथेवर सांगेन, आणि म्हणूनच ती मी नव्हते. कोण होती, ठाऊक नाही. माझ्याहून चांगली नर्स होती, एवढं मात्र पट्टी सोडली तेव्हाच कळलं होतं.