गिलेनची पातेली

आमच्या नॉर्मंडीच्या खोऱ्यात अत्तरासाठी काचेच्या बाटल्या घडवणारे पुष्कळ, पण काचेला रंग धरायला लावावा तो गिलेन दुकेननेच. विजेचा दाब देऊन उडवलेला रंग लोखंडाला आपसूक चिकटतो. कोरडी काच वीज वाहून नेत नाही, मग रंग तिच्यापासून पळतो आणि बाटलीच्या खांद्यावर टक्कल पडतं. गिलेन जेवणाच्या खोलीतल्या शेगडीवर पाणी उकळायची, पातेली बाटल्यांच्या मांडण्यांखाली सरकवायची आणि काचेला वाफ द्यायची. वाफ पुरेशी लागली की नाही, ते बाटली गालाला लावून ठरवायची. तीस वर्षं हेच.

एक्याण्णवच्या फेब्रुवारीत पूर्वेचा कोरडा वारा सुटला आणि त्याच आठवड्यात सेर्वान नावाच्या नव्या इंजिनिअरने रंगाचं यंत्र बसवलं. पातेली बघून तो म्हणाला, "मादाम, हा कारखाना आहे की स्वयंपाकघर?" पातेली बंद झाली.

गुरुवारी दोन वाजता अत्तरवाल्यांचा तपासनीस येणार होता. यंत्राच्या तीनशे बाटल्या पसंत पडल्या तर काम आमच्याकडे राहणार, पण हाताने रंग मारणाऱ्या तिघी घरी जाणार, त्यात गिलेन पहिली. नापसंत पडल्या तर सगळा विभागच बंद, आम्ही चाळीस जण रस्त्यावर. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळच्या सगळ्या बाटल्या टकल्या निघाल्या. बाराची घंटा झाली. आमच्याकडे जेवण सोडून कामावर कोणी थांबत नाही, सेर्वानसुद्धा गेला. मी बाटल्या लोखंडी दांड्यांवर उपड्या घालणारा. डबा उघडत होतो, तेवढ्यात गिलेन आली.

"जोएल, ऊठ. पातेली चार आहेत, माझे हात दोनच."

"डोकं फिरलंय का तुझं? या पसंतीला उतरल्या तर तू गेलीस."

"आणि नाही उतरल्या तर तुम्ही सगळे. तुझं सूप निवेल, एवढंच ना? ऊठ म्हणते ना."

मी पातेली वाहिली. ती एकेक बाटली गालाला लावत होती आणि रडत होती, सरळ रडत होती. मध्येच बाहीने गाल खसखसून पुसायची, कारण ओल्या गालाला वाफ कळत नाही. यंत्र तिनेच चालवलं. दोनच्या आत तीनशे बाटल्या भट्टीतून वाळून आल्या आणि पातेली माझ्या कपाटात गेली.

तपासनिसाने बाटल्या उजेडात फिरवल्या आणि मान डोलावली. सेर्वान खुलला. "माणसाचा हात लागलेला नाही, मस्यू."

मी तोंड उघडलं. गिलेनने माझ्या पायावर पाय दिला, चांगला टाच रोवून. मी गप्प बसलो. माझी नोकरी त्या गप्प बसण्यावर उभी राहिली, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पाच वाजता तिच्या हातात कामावरून कमी केल्याचा कागद पडला. तिने तो न वाचता घडी करून खिशात घातला, कोट चढवला आणि माझ्यापाशी आली. मला वाटलं, पातेली मागेल.

"वारा अजून आठवडाभर आहे," ती म्हणाली. "बाराला पाणी ठेवत जा. आणि जोएल, रोज दाढी कर. खुंटांना वाफ कळत नाही."