दहावं नाव

“दहावीला नव्वद टक्के पडल्यात हिला,” कल्लाप्पा अण्णा म्हणाले, “आणि तुम्ही म्हणताय आर्ट्सला घाला. हिचं काय चुकलं?”

मच्छे गावातल्या त्यांच्या घरात मी कॉलेजची रंगीत पत्रकं मांडीवर घेऊन बसले होते. मी बेळगावातल्या एका पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, सायकॉलॉजी शिकवते. निदान नेमणूकपत्रात तसं लिहिलंय. निकाल लागला की आम्ही सगळे लेक्चरर गावोगाव फिरून पोरं गोळा करतो. याला ‘ॲडमिशन कॅम्पेन’ म्हणतात. भाजीवाल्याला निदान कुणीतरी आपणहून हाक मारतं.

आमच्याकडे विषय सुटे मिळत नाहीत, त्यांचा गठ्ठा असतो. त्याला कॉम्बिनेशन म्हणायचं. माझ्या गठ्ठ्यात सायकॉलॉजी आणि लॉजिक, म्हणजे मानसशास्त्र आणि तर्कशास्त्र. तत्त्वज्ञानाच्या वाटेवर आम्ही पीयूत एवढंच चालतो. प्राचार्यांनी कन्नडमध्ये, फार गोड आवाजात सांगितलं होतं, “दहा नावं लागली तर कॉम्बिनेशन चालू. नाहीतर यंदा बंद. तुम्ही ऑफिसात बसा, शिक्के मारा.” नऊ लागली होती. सगळी भिस्त कल्लाप्पा अण्णांच्या मुलीवर, सानिकावर होती. आणि तिला खरोखरच हेच शिकायचं होतं. हे कॉम्बिनेशन बंद पडलं असतं तर रोज जाऊन-येऊन करण्यासारखं दुसरं कॉलेज तिला नव्हतं.

“सायकॉलॉजीला फार स्कोप आहे, अण्णा.” स्कोप म्हटलं की कुठलाही पालक उठून जात नाही. “हॉस्पिटलं, शाळा, कंपन्या. आम्ही माणसाचं मन ओळखायला शिकवतो.”

अण्णा फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात असतात. ओतलेलं कास्टिंग ठोकून आवाजावरून आतली चीर ओळखायची, हे त्यांचं काम. त्यांनी मलाही ठोकून बघितलं.

“तुम्हाला पोरं किती, मॅडम?”

“एक मुलगी. यंदाच दहावी झाली.”

“तिनं काय घेतलंय?”

“सायन्स.”

“कोण म्हणालं घे म्हणून?”

“तिला आवड आहे.”

“आसं.” अण्णांनी चहा संपवला. “मिठाईवाला लोकांना कुंदा चारतोय आणि घरातल्यांना शिवू देत न्हाय. मग गिऱ्हाइकानं काय समजायचं?”

पंचवीस वर्षं वर्गात काढलेली मी मांडीवरची पत्रकं सारखी करू लागले. सानिका दारात उभी होती. ती म्हणाली, “आप्पा, मला तेच शिकायचंय. तीन दिस झालं सांगतोय.”

“मी कुठं न्हाय म्हणालोय गं? मॅडमच्या पोरीचं नाव लागू दे. मग तुझं लावू.”

संध्याकाळी मी हा किस्सा माझ्या मुलीला, इराला, हसत सांगितला. ती हसली नाही.

“मला सायन्सची आवड आहे असं मी कधी म्हटलं?”

मी आठवून बघितलं. निकालादिवशी तिनं विचारलं होतं, “आई, तुझंच कॉम्बिनेशन घेऊ?” ‘वेडी आहेस का’ म्हणून मी स्वतः सायन्सचा फॉर्म भरला होता. मुलांचं ऐकून कसं घ्यावं, यावर मी दरवर्षी पालकांपुढे भाषण देते. टाळ्याही पडतात.

मला लाज वाटली. आणि खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी मला दहावं नाव दिसलं. त्याची लाज जास्त वाटली.

“बदलूया का?” मी विचारलं.

“आता मी हवीय की दहावा नंबर हवाय?”

“दोन्ही.”

तिनं माझ्या पिशवीतून एक पत्रक काढून उलटसुलट बघितलं. मग म्हणाली, “बदल. पण तू सांगतेस म्हणून नाही.”

इराचं नाव लागलं. तिसऱ्या दिवशी कल्लाप्पा अण्णा सानिकाला घेऊन कॉलेजात हजर. नोटीस बोर्डावरच्या यादीवरून त्यांनी बोट फिरवलं, इराच्या नावावर थांबवलं, आणि तिथंच उभ्याउभ्या सानिकाच्या फॉर्मवर सही केली. मी आभार मानले.

“आभार कशाला?” ते म्हणाले. “माणसाचं मन शिकवताय न्हवं तुम्ही? आपल्या पोरीला इच्यारायला मच्छ्याचा फौंड्रीवाला लागला.”

कॉम्बिनेशन वाचलं, माझा विषय वाचला. सानिका पुढच्या बाकावर बसते आणि मला घाम फुटेल असे प्रश्न विचारते. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये माझ्या ‘कौन्सेलिंग स्किल’चं कौतुक केलं. मी मान खाली घालून ते स्वीकारलं. या धंद्यातून मी शिकले ते एवढंच, की परक्याची पोरगी पटवायला पत्रकं पुरतात, आपल्या पोरीला मात्र वेळेवर विचारावं लागतं.

इरा शेवटच्या बाकावर बसते. वर्गात मला मॅडम म्हणायचं, असं पहिल्या दिवशी मीच तिला बजावलं होतं. ती घरीही मॅडमच म्हणते.