सासऱ्यांच्या कॉम्प्युटरचं शुद्धलेखन

मी अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता. पण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी अकोल्याला सासऱ्यांच्या प्रिंटरची निसटलेली वायर खोचली, प्रिंटर सुरू झाला, आणि सासरी माझं नाव झालं. तेव्हापासून जठारपेठेतल्या त्या घरातला कॉम्प्युटर बिघडला की जावयाला फोन येतो.

या वेळी सासऱ्यांचा आवाज जरा घाईचा होता. कॉम्प्युटर रात्री आपोआप अपडेट झाला होता आणि सकाळपासून मराठी टायपिंग उमटतच नव्हतं, नुसते चौकोन दिसत होते. हिवरखेडच्या त्यांच्या बालमित्राचा अमृतमहोत्सव पुढच्या आठवड्यात होता. त्यासाठी त्यांनी वऱ्हाडीत भाषण लिहून ठेवलं होतं, शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. मी म्हटलं, रविवारी येतो, पाच मिनिटांचं काम आहे.

रविवारी गेल्या गेल्या मी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. हा माझा हुकमी उपाय. चौकोन तसेच राहिले. मग टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला गेलो, तर या नव्या अपडेटवर ते चालत नाही असा इंग्रजी संदेश आला. सासरे शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, काय म्हणते? मी गंभीरपणे म्हणालो, थोडा वेळ मागतंय.

माझ्या मोबाइलच्या नेटवरून मी नवं सॉफ्टवेअर उतरवलं. ते अर्ध्यात अडकलं. पुन्हा उतरवलं, तर अँटिव्हायरसनं अडवलं. ते बंद केलं, तर मला परवानगी नाही असं आलं. सासूबाईंनी तोवर पाटोड्यांचा रस्सा केला होता. घरात सगळे हळू बोलत होते, जावई काम करतायत म्हणून. शेवटी माउसची उजवी कळ दाबून कुठलातरी पर्याय निवडला आणि सॉफ्टवेअर बसलं. कुठला निवडला, हे मला आजही सांगता येणार नाही.

भाषण उघडलं. अक्षरं परत आली होती. त्याचबरोबर एक चौकट आली: बऱ्याच चुका सापडल्या आहेत, सगळ्या दुरुस्त करू का? विजयाच्या भरात मी ‘हो’ दाबलं, फाइल सेव्ह केली, बंद केली आणि थेट प्रिंट काढून सासऱ्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचता वाचता ते थांबले. दोघं मित्र लहानपणी एका सायकलवरून कालव्यात पडले होते, तो किस्सा त्यात होता. त्यांनी लिहिलं होतं, ‘त्यानं मले म्हटलं, तू काहून रडून रायला?’ कागदावर होतं, ‘त्याने मला म्हटले, तू का रडत आहेस?’

“जवाईबापू,” ते शांतपणे म्हणाले, “हे कोन बोलून रायलं?”

मी घाईघाईनं फाइल उघडली. मागे जायचं बटण दाबलं, पण एकदा बंद केलेल्या फाइलीत मागे जायला काही उरलेलं नव्हतं. जुनी प्रत कुठे असेल म्हणून सगळा कॉम्प्युटर धुंडाळला. सापडले फक्त आमच्या लग्नाचे फोटो, त्यातही माझे डोळे मिटलेले. शेवटी मी कबूल केलं की भाषण गेलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, भाषण कुठं जातं, यायनं मले रोज ऐकवलं ना. खरंच, सासऱ्यांना ते तोंडपाठ होतं. जेवण झाल्यावर ती दुरुस्तीची सोय बंद केली आणि ते सांगू लागले, मी टाइप करू लागलो. सायकलचा किस्सा आला.

“मला नाही,” ते पडद्याकडे बोट करून म्हणाले, “मले.”

मी पाहिलं. या वेळी सॉफ्टवेअरनं काही केलं नव्हतं. ‘मला’ मीच लिहिलं होतं. आईशी घरी मी वऱ्हाडीतच बोलतो, पण इतकी वर्षं वर्गात शुद्ध बोलून बोलून माझ्या बोटांनाही तीच सवय लागली होती. पुढच्या पानावर मी आणखी बऱ्याचदा तेच केलं. सासरे दर वेळी थांबून दुरुस्त करत होते, न रागावता. संध्याकाळपर्यंत राहिलेल्या शेवटच्या पानासकट भाषण पूर्ण झालं.

हिवरखेडच्या कार्यक्रमाला मीही गेलो. सायकलच्या किश्श्याला मंडप हसला आणि सत्कारमूर्ती हसता हसता डोळे पुसू लागले. जेवायच्या पंगतीत सासऱ्यांनी माझी ओळख करून दिली, “हे आमचे जवाई, कॉम्प्युटरचं सारं पायतात.” लगेच समोरच्या गृहस्थांनी विचारलं, आमचा प्रिंटर कागद ओढत नाही, येता का बघायला?

मी श्रीखंड संपवलं आणि म्हणालो, पाच मिनिटांचं काम आहे.