बांधाची माती

सुमे, मी मुंबईला निघालो त्या सकाळी तुझी आई, माझी वहिनी, भिवपुरीच्या स्टेशनापर्यंत आली होती. माझी ट्रंक बाबांच्या डोक्यावर, आणि वहिनीच्या पदरात भाजलेल्या मातीचे खडे. लावणी नुकतीच आटोपली होती, तिच्या पायांच्या चिखल्या सुकल्या नव्हत्या. "भाऊजी, तिकडं सगळं डांबर हाय म्हंतात," ती म्हणाली. "माती लागली तर कळवा, पाठवीन."

तिला चौथा महिना होता आणि डोहाळे मातीचे. बांधावरची चिकण माती मीच आणून द्यायचो, ती चुलीत भाजून खायची. माझी आई म्हणायची, "पोटातला मागतोय, नाय म्हणू नको रं." मला ते काम आवडायचं. वहिनी माझ्या ताटात गुपचूप जास्तीचा मासा वाढायची. तिच्यासाठी मी एवढं तरी करत होतो.

मुंबईत इस्पितळाच्या लॅबोरेटरीत बाटल्या धुवायचं काम मिळालं. तिथल्या डॉक्टरांनी एकदा एका पांढऱ्याफटक गरोदर बाईला विचारलं, "माती खाता का?" बाई लाजली. मग त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून तिच्या शौचातली जंतांची अंडी दाखवली. म्हणाले, हे जंत चिखलातून अनवाणी पायांत शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. रक्त आटलं की मातीची भूक लागते. त्यात हिवताप आला, तर अंगात झगडायला काही उरत नाही. मला खाचरात उभी वहिनी दिसली.

दसऱ्याला तपासणीची डबी घेऊनच घरी आलो. वहिनीचे पाय सुजलेले, ओठ पांढरे. "मुंबईला न जाताच गोरी झाले बघा," ती हसत म्हणाली. डबी पिशवीतच राहिली. दिरानं वहिनीकडे शौच मागायचं कसं? दादाशी बोलता आलं असतं, आईशीही. नाही बोललो. रजा संपली, परतलो. दिवाळीच्या तोंडावर तिला हिवताप भरला. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं आणि रात्रीत गेलं.

पुढं मी जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या नेल्या. ताकदीचं औषध म्हणून तिच्या गळी उतरवल्या. तू त्यानंतरची, चांगली गुटगुटीत. तरी वहिनी अजून म्हणते, "मी लावणीला वाकले, म्हणून गेला तो." इतकी वर्षं मी ते खाली मान घालून ऐकलं.

परवा तू पोटुशी माहेरी आलीस म्हणून तुला बघायला आलो, तर ती तुझ्यासाठी खडे भाजत होती. "ह्या काकानंच लावली गं मला ही सवय," तुला म्हणाली. तू हसलीस, मीही हसलो. सासरी तूही अनवाणीच लावणी केलीस ना? तुझ्या पापणीच्या आत पाहिलं मी. सगळं पांढरं होतं. तरी मुकाट जेवून गाडी पकडली.

तर सुमे, ते खडे खाऊ नकोस. रविवारी येतो. आपण डबी घेऊन कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, त्या देतील तेच औषध घ्यायचं. पण आधी चुलीपाशी बसून वहिनीला सांगेन, "वहिनी, बाळ गेलं ते तुझ्या वाकण्यानं नव्हे, माझ्या गप्प बसण्यानं."

मुंबईत मला खोली आहे, पेन्शन लागेल, शेजारी नावानं हाक मारतात. घर कुठलं, ते मात्र रविवारी कळेल. एवढं ऐकून वहिनीनं मला जेवायला वाढलं, तर तेच माझं घर.